फिनाईलची टेकडी

सरांना चांगला माणूस म्हणणारे आता पुष्कळ भेटतात. सर होते तेव्हा यातले निम्मे त्यांना टाळायचे. कॉलेजात सर समोरून येताना दिसले की प्राध्यापक मंडळी जिन्याकडे वळायची, कारण गाठ पडली की सर खिशातून लिटमसचा कागद काढणार आणि समोरच्याच्या चहात बुडवणार हे ठरलेलं. मला टाळता येत नव्हतं. मी लॅबमध्ये काचसामान धुवायला होते, आणि लॅब सरांची होती.

कागदाचं त्यांना वेडच होतं. ताडाखालची नीरा, गाडीवरचा उसाचा रस, देवळातलं तीर्थ, कशालाही सोडत नसत. तीर्थात कागद बुडवला तेव्हा पुजाऱ्याने पळी मागे घेतली होती. एकदा त्यांनी माझ्या डब्यातल्या कालवणात कागद घातला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मावशी, आंबट आहे."

"चिंच घातलेय. आंबटच असणार."

"ते तुम्ही जिभेने सांगता. कागद शपथेवर सांगतो."

मी किनाऱ्यावरच्या नवापूरची. नवरा होता तोवर मासळी विकली. मग नवरा गेला, खाडीत मासळी राहिली नाही, आणि मी बोईसरकडच्या या कॉलेजात लागले. शाळा माझी चौथीपर्यंत. काचेची भांडी धुवायला तेवढी पुरते. बाटलीवरचं नाव वाचता आलं पाहिजे आणि हात थरथरता कामा नये, बस.

सरांची छाती खराब होती. तरुणपणी कारखान्यात आणि पुढे आमच्या लॅबमध्ये, आयुष्यभर नको ते हुंगत आले त्याचं फळ. दोन पायऱ्या चढले की थांबायचे आणि थांबल्याचं कळू नये म्हणून भिंतीवरची पाटी वाचायचे. जिन्यातली "शांतता राखा" ही पाटी त्यांनी किती वेळा वाचली असेल देव जाणे. शेवटी डॉक्टरने सांगितलं, लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही. कॉलेजने त्यांना घरी बसवलं. घर पालघरला, स्टेशनच्या मागे.

पण त्यांचा प्रयोग इथे लॅबमध्ये चालू होता, आणि तो सोडायला ते तयार नव्हते.

प्रयोग असा. ताडगोळे काढून झाले की रस्त्याकडेला टरफलांचे ढीग पडतात. ती टरफलं सर पोत्यात भरून आणायचे, वाळवायचे, बंद डब्यात जाळून त्यांचा कोळसा करायचे. तो कोळसा काचेच्या उंच नळ्यांत भरायचा आणि वरून रंगीत पाणी थेंब थेंब सोडायचं. रंगाच्या कारखान्यातून जसं पाणी सुटतं तसं, लॅबमध्येच कालवलेलं. खाली उतरेल ते पाणी स्वच्छ हवं. ऐकायला सोपं वाटतं, पण एकेक नळी दिवसच्या दिवस चालायची. पाणी तापलं, थेंब अडला, आंबटपणा बदलला, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. सतत कोणीतरी बघत बसायला हवं. मुलं बसायची आणि फोनवर खेळायची.

सर म्हणायचे, "माणूस पेंगतो. तार पेंगत नाही."

म्हणून त्यांनी तारा बसवल्या. स्टीलच्या जेवणाच्या डब्याला भोकं पाडली. आत बोटाएवढी हिरवी पट्टी, तिच्यातून वायरी निघून नळ्यांत सोडलेल्या. एक वायर पाण्याचा ताप सांगायची, एक आंबटपणा, एक रंग. त्यांना सेन्सर म्हणतात. डबा वायफायला जोडलेला. तिथून आकडे इंटरनेटवरून पालघरला सरांच्या फोनमध्ये जायचे आणि त्यांची रेघ व्हायची. आठवड्यातून एकदा सर तोंडाला मास्क लावून येत, दाराच्या बाहेर खुर्ची टाकून बसत आणि तिथून सगळ्यांना ओरडत. बाकीचे दिवस ते घरी खाटेवर, लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून.

मला या थापा वाटल्या. पालघरला बसून बोईसरच्या पाण्याचा ताप कळतो म्हणे. एकदा कोणी नाही असं बघून मी वायरीचं टोक नळीतून काढलं आणि मुठीत धरलं. जरा वेळाने बाहेर टांगलेल्या पिशवीत माझा फोन वाजला.

"मावशी, हात काढा."

"कसला हात?"

"पाण्याला अंगाएवढा ताप आलाय. पाण्याला अंग नसतं."

मी टोक नळीत सोडलं. त्यानंतर थापा म्हटलं नाही.

फोनवर त्यांना बोलण्याची रीत नव्हती. हॅलो नाही, काही नाही. उचलला की, "मधली नळी अडली का?" मी एकदा सुनावलं, "सर, आधी माणसासारखं बोला. मावशी कशा हायत विचारा. मग नळीचं."

दुसऱ्या दिवसापासून ते एका दमात म्हणू लागले, "मावशी कशा आहात मधली नळी अडली का?" उत्तराला जागाच नाही. पण विचारायचे मात्र रोज, शेवटपर्यंत.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. वहिनी म्हणायच्या, "अहो, समोरच्या शेगडीवर दूध उतू जातं ते यांना दिसत नाही, आणि तिकडच्या नळीचा थेंब चुकला की जेवणावरून उठतात." खोटं नव्हतं. मी स्वतः बघितलंय. एकदा वर्गणीची पावती द्यायला त्यांच्या घरी गेले होते. दूध उतू जात होतं, सर फोनकडे बघून खूश होत होते.

मनोरच्या पुढच्या एका पाड्यावरून एक मुलगी यायची. घरची शेती डोंगरउताराची, पावसावरची. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीला जात आणि ही एकटी भावासोबत राहायची. शेवटची एसटी पकडायला तिला प्रयोग अर्धा टाकून पळावं लागायचं, आणि दर वेळी गुण कमी. सरांनी तिच्या भावाच्या फोनवर तिच्या नळीची रेघ जोडून दिली. ती एसटीत बसून आपलं पाणी बघायची. पाड्यावर रेंज नव्हती, तर विहिरीच्या कठड्यावर उभी राहून बघायची. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने विचारलं, "प्रयोगाच्या वेळी हजर होतीस का?" ती म्हणाली, "मी विहिरीवर होते." परीक्षकाला काही कळेना. सर दाराबाहेरच्या खुर्चीवरून म्हणाले, "ती खरं सांगतेय. पुढचं विचारा." ती मुलगी आता औषधांच्या कंपनीत आहे. या कामासाठी मी सरांना मानलं.

आता माझ्या नाकाचं.

बाजारात माझ्या नाकाची ख्याती होती. टोपलीवरचं फडकं न काढता पापलेट कालचं की आजचं ते मी सांगायची. ते नाक त्या मोठ्या साथीत गेलं. ताप उतरला, चव परत आली तीही अर्धीमुर्धी, वास काही आला नाही. मी कोणाला सांगितलं नाही. सुनेलाही नाही. चुलीवर काही करपलं की मीच तिला म्हणायची, "तुझं लक्ष कुठं हाय?"

काचसामान धुणाऱ्या बाईला नाक लागतं. बाटलीत काय उरलंय ते आधी नाकाला कळतं, मग डोळ्याला. नाक नसलेली बाई लॅबमध्ये ठेवणार नाहीत हे मला कळत होतं. मीही ठेवली नसती. पण मुलाची होडी किनाऱ्यावर उलटी पडलेली, आणि घरात येणारा पगार एवढा एकच. तेव्हा मी तोंड बंद ठेवलं. इतरांनी नाक मुरडलं की मीही मुरडायची. इतरांनी पदर धरला की मीही धरायची. असं निभावत होते.

एके दिवशी मुलांचा कुजक्या अंड्याच्या वासाचा गॅस सुटला. तसा गॅस ती दर वर्षी काढतात, या वेळी जास्त निघाला. मुलं रुमाल धरून बाहेर पळाली. मी बेसिनकडे तोंड करून भांडी धूत होते, मागचं काही दिसलं नाही. तो नेमका सरांचा यायचा दिवस. ते दारात उभे होते.

"मावशी, आज वास फार आहे, नाही?"

मी वळून बघितलं तर लॅब रिकामी. लगेच नाक मुरडलं. "हाय की. डोकं उठलं."

"कसला आहे?"

"नेहमीचाच."

ते हो म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी आमच्या लॅब असिस्टंटकडून बेसिनच्या बाजूला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणखी एक स्टीलचा डबा ठोकून घेतला. त्याला नळीत सोडायची वायर नव्हती. प्राचार्यांना सांगितलं, प्रयोगाचा भाग आहे. मला सांगितलं, "हा हवा हुंगतो. हा ओरडला की हातातलं टाकून बाहेर जायचं. कारण विचारायचं नाही."

"इतक्या खाली का ठोकलाय? पाय लागेल."

"गॅस जमिनीलगत पसरतो. पाय सांभाळा."

आणि एक हुकूम दिला. सकाळी आल्या आल्या खिडक्या उघडायच्या नाहीत. आमच्याकडे वारा कारखान्यांच्या बाजूचा असला की बाहेरची हवा आत येते, तिने डब्याची रेघ बिघडते. म्हणून आधी पुसायचं, मग फोनवर त्यांना विचारून खिडक्या. मला काय, बंद तर बंद.

या डब्याने मात्र माझा जीव खाल्ला. मी सकाळी फिनाईल टाकून पुसायला घेतलं की त्याची रेघ वर चढायची आणि फरशी वाळली की उतरायची. ओरडण्याइतकी नाही, पण फोनवर दिसण्याइतकी. सर त्याला टेकडी म्हणायचे. थोडा उशीर झाला की फोन.

"मावशी कशा आहात टेकडी नाही आली अजून?"

"माझ्यावर पाळत ठेवता काय?"

"तुमच्यावर नाही. फिनाईलवर."

एक दिवस मी मुद्दाम नुसत्या पाण्याने पुसलं. बघू म्हटलं. भांडी निम्मी धुवून झाली तेव्हा फोन आला. "आज फिनाईल घातलं नाहीत."

"संपलंय."

"काल नवी बाटली आली. असिस्टंटने सही केलीय."

असा माणूस. सांगा, कोणाला आवडेल?

आमच्या भागात खंडेनवमीला कारखान्या-कारखान्यांत यंत्रांची पूजा होते. बॉयलरला हळदकुंकू, लेथला हार. लॅबमध्येही करतो. तराजू, ब्युरेट, सिलिंडर, सगळ्यांना झेंडू. पूजा झालेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही रीत. ती सगळे पाळतात, शिकलेले जास्त पाळतात.

डबा बसल्यावरच्या पहिल्याच पूजेला गंमत झाली होती. संस्थेचे अध्यक्ष तराजूला कुंकू लावायला वाकले आणि धुपाच्या धुराने सरांचा डबा ओरडायला लागला. थांबेना. अध्यक्ष दचकले, कुंकू सदऱ्यावर सांडलं. तेवढ्यात पालघरहून फोन, "आग कुठे लागलीय?" प्राचार्यांना फार लागलं ते.

म्हणून पुढच्या वर्षी असिस्टंटने आधीच काळजी घेतली. हार ज्या पिशवीतून आले ती प्लास्टिकची पिशवी डब्यावर चढवली आणि पूजेच्या दोऱ्याने गच्च बांधली. वरून हार. आम्ही सगळे तिथेच होतो. कोणी काही म्हटलं नाही, उलट बरं झालं वाटलं. धूप घालायला बर्नरवर निखारे फुलवले होते. पूजा झाली, प्रसाद झाला, सरांच्या नळ्या सणासाठी बंदच होत्या, असिस्टंटने बर्नर विझवला आणि लॅबला कुलूप घातलं. पिशवी सोडायची राहिली. पूजेच्या वस्तूला हात कोण लावणार? आणि निखाऱ्यांच्या धांदलीत बर्नरची रबरी नळी अर्धी निसटली होती, सिलिंडरचा खटका चालूच होता, हे कोणी बघितलं नाही.

दसरा गेला. कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी निर्माल्य काढायला आणि समया घासायला मी एकटी गेले. सरांना सांगून ठेवलं होतं, उद्या जाणार म्हणून. खिडक्या बंद, हुकमाप्रमाणे. उजेड काचांतून पुरेसा होता म्हणून दिवा लावला नाही. फिनाईल टाकलं, सगळी फरशी पुसली. समया तेलाने चिकट झाल्या होत्या, त्यांना गरम पाणी हवं होतं. पातेलं भरून तिवईवर ठेवलं. लायटर घेतला.

बाहेर पिशवीत फोन वाजला. वाजू दे म्हटलं. थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. सर एकदा सुरू झाले की थांबत नसत हे माहीत होतं, म्हणून ओल्या हातांनी, लायटर घेऊनच बाहेर आले.

या वेळी मावशी कशा आहात नव्हतं. "फिनाईल टाकलंत?"

"टाकलं. अख्खी लॅब पुसली."

"टेकडी नाही."

"मग तुमची तार मेली असेल."

"तार मेली असती तर रेघ तुटली असती. रेघ आहे. सरळ आहे. तुम्ही पुसलंय आणि रेघ सरळ आहे, म्हणजे डब्याच्या तोंडावर काहीतरी बसलंय. आत जाऊ नका."

"सर, समया पडल्यात. पाणी तेवढं तापवते आणि—"

"काही पेटवायचं नाही. दिव्याच्या बटणालासुद्धा हात नाही. ऐकताय का?"

सर ओरडले. रागाने ओरडायचे ते वेगळं, हे वेगळं. आणि ओरडता ओरडता त्यांना खोकला आला. तो थांबेना. फोनमधून नुसता खोकला येत होता आणि मागे वहिनी "पाणी घ्या, पाणी घ्या" म्हणत होत्या. खरं सांगते, मी गॅसला भिऊन थांबले नाही. मला काय माहीत आत गॅस आहे? तो खोकला ऐकून मी थांबले. म्हटलं, या माणसाचा जीव जाईल, आपण उभं राहावं.

गेटवरच्या वॉचमनला हाक मारली. तो बिहारकडचा. जिना चढून आला आणि दाराच्या चार पावलं अलीकडे थबकला.

"अम्मा, ये तो पूरी गैस भरी है. आपको बास नहीं आ रही?"

माझ्या हातात लायटर होता. त्याने तो आधी काढून घेतला. मग नाकाला गमछा बांधून आत गेला, सिलिंडर बंद केला, खिडक्या ढकलल्या आणि धावत बाहेर आला. आम्ही दोघं मैदानात जाऊन बसलो. तो हनुमानाचं नाव घेत होता. मी फोनमध्ये सांगितलं, "सर, गॅसच होता." पलीकडून वहिनी म्हणाल्या, "ऐकलं त्यांनी. बोलता येत नाही. मान हलवताहेत."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. वॉचमनने सगळं सांगितलं होतं, बास नहीं आ रही सकट.

"मावशी, तुम्हाला वास आला नाही?"

"नाय."

"काल आला नाही, की..."

"साथीपासून नाय."

 माणूस वाईट नव्हता. मग म्हणाले, "तुम्हीच सांगा, तुम्हाला लॅबमध्ये कसं ठेवायचं? काल काय झालं असतं? दुसरीकडे जागा नाही माझ्याकडे."  ते बरोबर बोलत होते. मी मनात होडी विकायचा हिशोब सुरू केला होता.

तेवढ्यात दार ढकलून सर आत आले. पालघरहून रिक्षा करून आले होते. मास्क ओला, ओठ निळसर. "शांतता राखा" वाचत वाचतच चढले असणार. बोलता येईना, नुसती बोटाने खूण. मी पाण्याचा पेला दिला. त्यांनी खिशातून कागद काढला, पाण्यात बुडवला, रंग बघितला आणि मग पाणी प्यायले. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

मग सर म्हणाले, "तो हवेचा डबा. प्रयोगाला लावलाय असं मी तुम्हाला सांगितलं. माझ्या नळ्यांना हवेशी काय घेणं? तो हिच्यासाठी लावलाय."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"कुजक्या अंड्यांच्या वासात ही बाई निवांत भांडी धूत होती. आणखी काय ठाऊक व्हायला लागतं?"

मी सरांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत," प्राचार्य म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही बाई काढली असती. मी नाक बसवलं." ते दम घ्यायला थांबले. "माझी छाती गेलीय. तरी तुम्ही मला प्रयोग करू देता, कारण मध्ये तार आहे. हिला नाक नाही, मध्ये तार आहे. मला एक न्याय आणि तिला दुसरा का?"

"सर, पण त्या तारेवर पिशवी बांधलेली होती."

"ती नाकं असलेल्यांनी बांधली."

 बाहेर असिस्टंट उभा होता, तो खाली बघू लागला.

सरांनी आणखी एक पेला पाणी मागितलं. या वेळी कागद बुडवला नाही. म्हणाले, "आणि खिडक्या बंद ठेवायचा हुकूम माझा होता. रेघ चांगली यावी म्हणून. तो मूर्खपणा होता, लिहून घ्या हवं तर. आजपासून आधी खिडक्या, मग रेघ. रेघ बिघडली तर बिघडली."

असं ठरलं. मी राहिले. सिलिंडर बाहेरच्या जाळीत गेला. लॅबमध्ये कोणी एकट्याने काम करायचं नाही, असा नियम झाला. हुंगणारे डबे दोन झाले आणि पूजेच्या दिवशी धूप व्हरांड्यात. सरांनी असिस्टंटला आणि नव्याने लागलेल्या मॅडमना समोर उभं करून सांगितलं, "सकाळी टेकडी दिसली नाही तर आधी मावशींना फोन. कारणं नंतर शोधायची."

मी आभार मानले नाहीत. आम्हाला ती सवय नाही. पुढच्या आठवड्यात वहिनींना सुके बोंबील नेऊन दिले. धूर सरांना वर्ज्य, म्हणून वहिनींनी ते शेजारच्यांकडे भाजून घेतले. सर म्हणे आवडीने खाल्ले. मला फोन करून एवढंच म्हणाले, "मावशी कशा आहात बोंबील खारट होते."

सर गेल्या थंडीत गेले. प्रयोग पुरा झाला नाही. निळा रंग जायचा, हिरवा जायचा, गुलाबी काही केल्या जायचा नाही. त्या गुलाबीवर त्यांचा फार राग होता. मॅडम आता त्याच्या मागे आहेत. टरफलं अजून पोत्याने येतात.

मी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी चहा केला. म्हणाल्या, "सकाळी यांना लवकर चहा चालायचा नाही. फोनकडे बघत बसायचे. रेघ वर गेली की म्हणायचे, आल्या मावशी, आता टाका चहा. शेवटी शेवटी बोलणं बंद झालं होतं, तर नुसतं बोट दाखवायचे."

म्हणजे माझी एसटी उशिरा आली की त्या माणसाला चहा उशिरा मिळत होता. हे मला आधी सांगायला हवं होतं. मी एक एसटी अलीकडची धरली असती.

रेघांचा फोन आता मॅडमकडे असतो. त्याही पालघरला राहतात. हुशार आहेत, पण मला वाटलं, फिनाईलच्या रेघेकडे कोण बघतंय. एकदा त्यांनी मला दाखवलं, "मावशी, ही रोज सकाळची वाढ उगाच मध्ये येते. सेटिंग केलं की दिसणार नाही." मी म्हटलं, "तुमची मर्जी." आणि भांडी धुवायला गेले. त्या दिवशी माझ्या हातून एक बीकर फुटला. माझ्या हातून काच फुटत नाही.

परवा एसटी वाटेतच बंद पडली. ड्रायव्हर बोनेट उघडून उभा, आम्ही सगळे खाली उतरून झाडाखाली. फोन वाजला.

"मावशी, कुठे आहात? टेकडी नाही आली."

मी झाडाखालून जरा बाजूला गेले. मग म्हटलं, "सेटिंग नाय केलं?"

"नाही केलं. सर काय सांगून गेलेत ते आहे लक्षात. तुम्ही बऱ्या आहात ना?"

"बरी हाय. एसटी मेलीय."

पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. मॅडमच्या सांगण्यावरून असिस्टंट माझ्यासाठी थांबला होता. आधी खिडक्या उघडल्या. मग बादलीत फिनाईल घातलं, रोजच्यासारखं, आणि वर आणखी एक बूच घातलं. वास काही आला नाही. पण टेकडी उंच झाली असणार.